लालासाहेब निवेदकांचा लोकप्रिय आठवडा

लालासाहेब निवेदकांना मी मारलं, असं रहिमतपुरात अजूनही काही लोक म्हणतात. खुद्द लालासाहेबही म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बोट दाखवून हसतात. मला खरं तर त्यांच्यावरचा एक लेख लोकप्रिय करायचा होता, एवढंच. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून कुणाचा जीव जाईल, हे माझ्या साहेबांनाही पटलं नसतं. माझ्या हातून काहीच होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

निवृत्तीनंतर मी घरातल्या डब्यांवर नावं लिहायला घेतली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती माया यांनी माझ्यापुढं मोबाईल ठेवला आणि लिहायची एवढी हौस असेल तर यात लिहा, म्हणाल्या. त्यातून मला ऑनलाइन ज्ञानकोशाचा शोध लागला. तिथं कुणीही लेख लिहू शकतो आणि कुणीही तो खोडू शकतो. ही पद्धत आमच्या खात्यात आधीपासूनच होती, त्यामुळं मला परकं वाटलं नाही. ज्ञानकोशात अंटार्क्टिकावरच्या शेवाळापासून कुठल्याशा राजाच्या मांजरापर्यंत सगळं होतं. लालासाहेब मात्र नव्हते.

आता लालासाहेब कोण, हे आमच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या माणसाला सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. त्या मैदानात पुढच्या चार रांगा सोडल्या तर मागच्यांना फक्त पुढच्यांचे फेटे दिसत. मागच्यांची कुस्ती कानानं बघायची, आणि ती दाखवायचे लालासाहेब. बाभळीला बांधलेल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा आणि कोण कुणाच्या पटात शिरलाय, कुणाची मान दबली, कुणाचा दम सुटला, हे शेंगा फोडत बसलेल्या म्हातारीलाही कळायचं. त्यांची एक रीत होती. कुस्ती निकाली झाली की ते हरलेल्याचं नाव आधी घ्यायचे. नाव, गाव, बापाचं नाव, आणि मग टाळ्या मागायचे. जिंकलेल्याला आपोआप खांद्यावर घेतात, त्याला माझी काय गरज, असं त्यांचं म्हणणं.

माझे वडील तात्याबा पंचायत समितीत शिपाई होते. आयुष्यात एकदाच ते मैदानात उतरले आणि हलगीवाल्याचा हात गरम व्हायच्या आत आडवे झाले. मी तेव्हा काकाच्या खांद्यावर होतो. कर्ण्यातून आवाज आला, "रहिमतपूरचे पैलवान तात्याबा. गडी पडला, पर भ्याला न्हाई. टाळ्या वाजवा." आणि सबंध मैदानानं टाळ्या वाजवल्या. पुढं जन्मभर वडिलांना कचेरीत कुणी नावानं हाक मारली नाही, "अरे शिपाई" म्हणूनच बोलावलं. पण घरी कुठलीही गोष्ट निघाली, मग ती गॅस सिलेंडरची असो की माझ्या लग्नाची, ती शेवटी त्या टाळ्यांपाशी येऊन थांबायची. आम्ही तेव्हा कंटाळायचो. आता ती गोष्ट सांगणारं घरात कुणी नाही आणि तीच ऐकावीशी वाटते.

तर मी लेख लिहिला. चांगला चार पानी, दाखला दिल्यासारखा स्वच्छ. आणि तो वाचून दाखवायला लालासाहेबांच्या पडवीत गेलो. चौऱ्यांशीचा माणूस, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज अजून खणखणीत. त्यांनी डोळे मिटून सगळा लेख ऐकला. त्यांची सून स्वप्नाली पदराला हात पुसत दारात उभी राहून ऐकत होती. लेख संपल्यावर मी कौतुकाची वाट बघत थांबलो. लालासाहेबांनी विचारलं, "किती मानूस जमलंय?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की त्यांनी आयुष्यभर मैदानाची किंमत माणसांवर केली होती. ज्ञानकोशात लेख किती जणांनी उघडला, ते दिसतं. मी बघितलं. आठवड्यात अकरा. सरकारी नोकरी केलेली असल्यामुळं मी पुढची माहितीही दडवली नाही, की यातले नऊ वेळा मीच चुका दुरुस्त करायला शिरलो होतो आणि एकदा मायानं माझ्या आग्रहावरून उघडला होता.

"अकरा मानसांत कुस्ती लावत न्हाईत, धैर्या," लालासाहेब म्हणाले. "हलगीवाला सुदिक घरला जातो."

ते हसून म्हणाले, पण नंतर बराच वेळ धोतराच्या काठाचा सुटलेला दोरा ओढत बसले. जन्मभर दुसऱ्यांसाठी टाळ्या मागितलेला हा माणूस. त्याच्या नावावर अकरा माणसं, आणि त्यातला बहुतेक मीच. मला फार वाईट वाटलं. चहा कधी संपला तेही कळलं नाही.

घरी येतो तर लेखाच्या डोक्यावर लाल चौकट. 'शांतसागर' नावाच्या कुणा प्रचालकांनी, म्हणजे ज्ञानकोशावर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांनी, लावलेली. "सदर व्यक्तीची उल्लेखनीयता स्पष्ट होत नाही. आठवडाभरात विश्वासार्ह संदर्भ न दिल्यास लेख वगळण्यात येईल." असल्या नोटिसा मी हजारोंनी काढल्या होत्या. स्वतःला आलेली ही पहिलीच, आणि ती इतकी कोरडी असते हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं काढली. मैदानाच्या बातम्या भरपूर होत्या. पैलवानांची नावं, उद्घाटकांची नावं, फेटे कुणी दिले, नारळ कुणी फोडला. निवेदन कोणी केलं हे अशा बातमीच्या अगदी शेवटच्या ओळीत असतं, आणि जागा कमी पडली की आधी तीच ओळ जाते. एका ठिकाणी 'मैदानाचे निवेदन' एवढं छापून आलं होतं आणि त्याखाली कडबाकुट्टी यंत्राची जाहिरात सुरू झाली होती. मी शांतसागरांना कळवलं, की यांना सबंध सातारा-सांगली ओळखते. उत्तर आलं, "सर्वांना माहीत असणे हा संदर्भ होऊ शकत नाही." वाक्य मला मनापासून आवडलं. मी असतो तर यापेक्षा बरं लिहू शकलो नसतो.

तेव्हा मी दुसरी वाट धरली. ज्ञानकोशावर दर आठवड्याला सर्वाधिक वाचलेल्या लेखांची यादी लागते. लालासाहेबांचा लेख त्या यादीत गेला, तर तो वगळायचं धाडस कुठला शांतसागर करेल? शिवाय अण्णांच्या, म्हणजे गावात लालासाहेबांना सगळे म्हणतात त्या अण्णांच्या, 'किती मानूस' या प्रश्नालाही उत्तर मिळेल. मग मी मागच्या याद्या काढून अभ्यासाला बसलो. आठवड्याचं नशीब कशावर ठरतं, ते हळूहळू उलगडलं. क्रिकेटची मॅच असली की खेळाडू वर येतात, आणि लग्न केलं तर मॅचपेक्षाही वर. सिनेमा आला की त्यातल्या राजाच्या तीन पिढ्या वर येतात. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीपाडवा वर येतो, म्हणजे जन्मभर गुढी उभारणारी माणसं काठीचं टोक कुठं करायचं ते गुपचूप बघून घेतात. शाळेत प्रकल्प दिला की सुतार पक्षी. पण या सगळ्यांवर मात करणारं एकच कारण होतं. माणूस वारला, की त्या आठवड्यात त्याच्यासारखा लोकप्रिय कुणी नाही.

हे मी शेजारच्या नानासो सुभेदारांना सांगितलं. ते फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण आमच्या गल्लीत अजून त्यांचीच हुकमत आहे. ते म्हणाले, लग्न आता व्हायचं न्हाई, क्रिकेट जमायचं न्हाई, राहिला एकच रस्ता, पण तो अण्णांच्या हातात. मग त्यांनी सल्ला दिला, की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डर काढा, सगळे एकदम लेख उघडतील. मायानं त्यात भर घातली, की नुसतं अक्षर कोण बघतंय, फोटो लावा.

लालासाहेबांचा एकच फोटो मिळाला, कुठल्याशा सत्कारातला. काळा-पांढरा, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार, आणि फ्लॅश उडाल्यामुळं डोळे मिटलेले. मला तो भारदस्त वाटला. मी खाली लिहिलं, "आपले लालासाहेब निवेदक. त्यांचा जीवनपट अवश्य वाचा," दुवा जोडला, आणि आंघोळीला गेलो.

आंघोळ करून येईपर्यंत अण्णा गेले होते.

पहिली भावपूर्ण श्रद्धांजली भाऊसोंची होती. त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि हार घातलेला काळा-पांढरा फोटो दिसला की त्यांचा हात आपोआप त्या दोन शब्दांकडे जातो. एकानं लिहिलं म्हटल्यावर दुसऱ्यानं लिहिलं, कारण आपण मागं राहिलो तर बरं दिसत नाही. वरचं कुणी वाचलं नाही. बघता बघता हात जोडलेल्यांची रांग लागली. मी घाईघाईनं टाइप केलं, "अण्णा हयात आहेत." त्यावर एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी लिहिलं, "खरं आहे. अशी माणसं आपल्या आठवणींत कायम हयात असतात." त्यांच्या या विचाराला साठ जणांनी अंगठा दिला.

काही भली माणसं खात्री करायला लालासाहेबांच्या घरी धावली. घराला कुलूप. शेजारच्या शालूबाईंनी सांगितलं, "परवाच मिरजंला नेलंय."

झालं. आमच्याकडं माणसाला दवाखान्यात नेलं म्हणजे आजारी आहे, साताऱ्याला नेलं म्हणजे बरंच आजारी आहे, आणि मिरजेला नेलं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, नुसती मान हलवतो. लालासाहेब स्वप्नालीबरोबर मोतीबिंदू काढायला गेले होते. हे मला ठाऊक होतं आणि मी ते प्रत्येकाला सांगत होतो. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून, सांभाळा स्वतःला, म्हणत होते.

इकडं लेखाचा आकडा बघवेना इतका वाढत होता. मनातून मला आनंद होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. संध्याकाळी एका स्थानिक बातमीपत्रानं निधनाची बातमी दिली, आणि कुणीतरी लेखात मृत्यूची तारीख घातली. मी ती काढली. त्यानं परत घातली. शेवटी शांतसागर मध्ये पडले. त्यांचा निर्णय असा, की निधनाला छापील संदर्भ आहे, हयातीला नाही. मी कळवलं, की मी गेल्याच आठवड्यात त्यांच्याकडं चहा प्यालोय. उत्तर आलं, "व्यक्तिगत अनुभव ग्राह्य धरता येत नाही."

तेवढ्यात स्वप्नालीचा फोन आला. "काका, मामंजींचा डोळा लय छान झाला बगा. उद्या दुपारच्या गाडीनं येतोय." तुझे सासरे वारले आहेत, हे तिला कोणत्या शब्दांत सांगावं, ते मला सुचेना. मी शब्द जुळवतोय तोवर तिच्या फोनची बॅटरी संपली. तरी पुरावा मिळाला, म्हणून मी धावत नानासोंकडं गेलो आणि सांगितलं, की अण्णा उद्या दुपारच्या गाडीनं येत आहेत. नानासोंनी टोपी काढली. "रेल्वेनं आणत्यात व्हय," ते जड आवाजात म्हणाले. "समजलो. बंदोबस्त माझ्याकडं."

सुभेदारांचा बंदोबस्त काय असतो, ते दुसऱ्या दिवशी रहिमतपूर स्टेशनात दिसलं. हलगीवाले, हार, माईक, कर्णा. आणि माणूस. कुठकुठून माणूस आलं होतं. कान चुरगळलेले, गुडघे गेलेले, काठ्या टेकत आलेले जुने पैलवान. मी त्यांच्यात ओळखीचे चेहरे शोधत होतो, आणि हळूहळू ध्यानात आलं, की यात गाजलेला असा एकही नाही. सगळे हरलेले होते. जो तो शेजारच्याला सांगत होता, की अमक्या मैदानात अण्णांनी माझं नाव कसं घेतलं होतं. कुणी तर आवाजाची नक्कल करून दाखवत होता. मला माझे वडील तिथं उभे असल्यासारखं वाटलं आणि मी हयातीचं सांगायचं विसरून गेलो.

गाडीत काय झालं, ते स्वप्नालीनं मला नंतर सांगितलं. मिरजेला यांच्या समोरच्या बाकावर कवठे महांकाळचा अर्जुना नावाचा म्हातारा येऊन बसला. खांद्यावर घोंगडं, मांडीवर फुलांचा पुडा. लालासाहेबांच्या एका डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा, डोक्याला मफलर. त्यांनी विचारलं, पाव्हणं कुठवर? अर्जुना म्हणाला, लालासाहेब निवेदकांच्या मातीला. स्वप्नालीनं तोंड उघडलं, तोच मामंजींनी तिचा हात दाबला. मग अर्जुनानं सगळी वाट त्यांना लालासाहेब सांगितले. मेंढरामागं फिरणारा बिनघराचा गडी, कुणी कुस्तीला जोड देईना, दिली ती हरलो, पण त्या माणसानं माझ्या बापाचं नाव घेतलं, म्हणाला. तासगाव का विटं, नीट आठवत न्हाई, पण टाळ्या आठवतात. लालासाहेब अधूनमधून नुसते "व्हय का" म्हणत होते. काळ्या चष्म्याखालून पाणी आलं, तेव्हा डॉक्टरांनी रडायचं न्हाई सांगितलंय म्हणून स्वप्नाली रागावली. अर्जुनाला वाटलं, डोळ्याचं औषध असंल.

गाडी थांबली. आधी अर्जुना उतरला आणि त्या आंधळ्याशा म्हाताऱ्याला हात देऊन त्यानं खाली घेतलं. फलाटावर कर्ण्यातून नानासो "लालासाहेब अमर रहे" म्हणत होते. अर्जुना अदबीनं म्हणाला, "आवं, तुमास्नी कुठं जायाचंय? सोडतो."

"तू निगालायस तिथंच," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी मफलर सोडला.

पहिल्यांदा हलगी थांबली. मग नानासो थांबले. माणसं मागं सरली आणि मधे मैदानात असते तशी मोकळी जागा झाली. लालासाहेबांनी आवाजाच्या अंदाजानं माईककडं हात पुढं केला. सुभेदारांनी तो मुकाट्यानं दिला. अण्णांनी बोटानं दोनदा टकटक केलं आणि तोच आवाज रहिमतपूर स्टेशनावर घुमला, "मंडळी, शांतता राखा. ही कुस्ती निकाली न्हाई. गडी अजून उबा हाय." आणि लगेच, श्वासही न घेता, "माज्या शेजारी हाईत कवठे महांकाळचे पैलवान अर्जुना, बाप बिरू. विट्याच्या मैदानात पडले, पर घोंगडं इकून घेतल्यालं लुगडं बायकूला घिऊन घरला गेले. टाळ्या वाजवा."

मी एवढ्या टाळ्या पुन्हा ऐकल्या नाहीत. गार्डानं शिट्टी फुंकली ती कुणाला ऐकू गेली नाही. अर्जुना फुलांचा पुडा हातात धरून तसाच उभा होता. मग त्यानं तो लालासाहेबांच्या पायावर न ठेवता त्यांच्या हातात दिला, आणि रडायला लागला.

वर्तमानपत्राची जिल्हा पुरवणी गाडी यायच्या आधीच छपाईला गेली होती, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी तीत निधनाची बातमी आली, पाऊण पान, कुठलीही ओळ न कापता. तिसऱ्या दिवशी त्याच जागी दिलगिरी आली, फलाटावरच्या फोटोसकट. शांतसागरांनी दोन्ही संदर्भ तपासले. दोन स्वतंत्र बातम्या असल्यानं उल्लेखनीयता सिद्ध होते आणि दुसऱ्या बातमीनुसार व्यक्ती हयात आहे, असा निकाल देऊन त्यांनी लाल चौकट काढली. आठवड्याच्या यादीत आम्ही तिसरे आलो. वर एका क्रिकेटपटूचं लग्न आणि एक सिनेमा, एवढंच. मी आकडा सांगितला तेव्हा लालासाहेबांनी मला तो तीनदा सांगायला लावला आणि मग स्वप्नालीला हाक मारून चौथ्यांदा.

पण यादीचा माझा अभ्यास पक्का होता. गेलेल्या माणसाचीही लोकप्रियता आठवडाभर टिकते, मग परत आलेल्याची किती टिकणार. आकडा उतरत गेला. मी पडवीत जायचं टाळू लागलो. शेवटी त्यांनीच निरोप धाडला. मी जाऊन बसलो. ऊन उतरलं होतं, आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या आणि त्यांनी विचारलंच.

"काल किती मानूस?"

"एक, अण्णा."

"कोन?"

"मीच."

मला वाटलं, आता धोतराचा दोरा ओढत बसतील. ते ताठ बसले. घसा खाकरला. हातात माईक नसताना मूठ तोंडापाशी धरली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज लावला, "मंडळी, आज मैदानात आल्याले हाईत रहिमतपूरचे धैर्यशील, बाप पैलवान तात्याबा. एकला आला, पर मैदान सोडलं न्हाई. टाळ्या वाजवा."

स्वप्नाली भाकरी सोडून बाहेर आली आणि पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवू लागली. शालूबाईंनी कुंपणापलीकडून वाजवल्या. साठी ओलांडलेला मी माणूस, कर्ण्यावर माझं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. मी खाली बघत राहिलो.

घरी आलो तर मायानं दारातच विचारलं, की डोळे का असे लाल झालेत. मी म्हटलं, काही नाही, एकदा मिरजेला दाखवून यायला हवं.

तिनं घाईघाईनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, हे बाहेर कुठं बोलू नका.